चौदाशे सत्तेचाळीसचं पान

गर्द सरांच्या घरी ज्योत्स्नाचं काम तसं सोपं होतं. वही उघडायची, मोबाइलनं पानाचा फोटो काढायचा, सर सांगतील तो मथळा मराठीत यादीत लिहायचा आणि पान उलटायचं. मध्येच दीपमाला रडली तर थांबायचं. आठ महिन्यांची लेक कडेवर घेऊन येणारी बाई दुसऱ्या कुणी कामावर ठेवली नसती. सर मात्र म्हणाले होते, "घेऊन ये. बारा सालं झाली, या घरात कुणी रडलं न्हाई. भिंतींची सवय मोडली."

सरांचं खरं नाव बाबूलाल. कायस्थांचं घर, आजोबा निजामाच्या तहसिलीत मुन्शी. आजोबांनी नातवाच्या हाताला धरून पहिलं अक्षर गिरवून घेतलं ते फारसीचं. मराठी गल्लीत आली, कानडी बाजारात, आणि दखनी तर हवेतच होती. पुढे हैदराबादला शिकून ते बीदरच्याच शाळेत उर्दू-फारसीचे मास्तर झाले. फारसीच्या वर्गात पहिल्या साली सतरा मुलं होती, शेवटच्या साली एक, आणि त्यालाही टायफॉइड झाला. पण 'गर्द बीदरी', म्हणजे बीदरची धूळ, या नावानं लिहिलेल्या त्यांच्या कविता सत्तर-पंचाहत्तरच्या सुमारास तेहरानला आणि काबूलला छापून येत होत्या. नव्या चालीच्या कविता, यमकाला न बांधलेल्या. तेहरानच्या एका संपादकाला कितीतरी दिवस वाटत होतं, की बीदर हे शिराजच्या आसपासचंच एखादं खेडं असणार. सरांनी त्याला कधी दुरुस्त केलं नाही.

एक लांब कविता नौबादच्या जमिनीखालून गेलेल्या जुन्या पाण्याच्या भुयारावर होती. ज्योत्स्ना नौबादलाच राहायची. भुयाराला हवा मिळावी म्हणून खणलेल्या विहिरींजवळून रोज जायची, आणि लोक तिथे कचरा टाकतात एवढंच तिला ठाऊक होतं. सरांनी ती कविता मराठीत समजावून सांगितली: वर माणसं एकमेकांना आपली तहान सांगत बसतात, खाली पाणी कुणाला काही न सांगता चालत राहतं, आणि अंधारात त्याला सोबत स्वतःच्याच आवाजाची. त्या दिवसापासून तिथून जाताना तिचा पाय आपोआप हळू पडायचा. खाली कुणीतरी चालतंय, असं वाटायचं.

कवितांच्या वह्या दिवाळीपर्यंत आटोपल्या. मग सरांनी कपाटातून हिरव्या कापडात बांधलेली एक जाड वही काढली. ज्योत्स्नाला फारसी येत नव्हती, पण पानं लावता लावता आकडे मात्र ओळखीचे झाले होते. वही शेवटाकडून चाळताना ती थबकली.

"सर, तुमचं हे हिजरी साल चौदाशे सत्तेचाळीस चालूय म्हणलात ना? मग अठ्ठेचाळीसचं पान कामून हाय? ते तर अजून यायचंय."

"हौ. म्हणूनच त्याच्यावर नुसतं साल टाकून ठेवलंय," सर म्हणाले. "अगे, हे कवितेचं न्हाई, सुतारकाम हाय. बस, सांगतो."

फारसीच्या प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो. अलिफचा एक, बेचे दोन, असं करत हजारापर्यंत. माणूस गेला की त्याच्यासाठी अशी ओळ बांधायची, की वाचणाऱ्याला अर्थही लागावा आणि अक्षरांची बेरीज केली की त्याच्या जाण्याचं साल निघावं. तिला तारीख म्हणतात. बीदरच्या आसपास कितीतरी दगडांवर सरांच्या तारखा कोरलेल्या होत्या. मुसलमानांच्या कबरींवर, एका लिंगायत सावकाराच्या विहिरीवर, एका डॉक्टरच्या दारावरसुद्धा.

"माणूस सांजच्याला जातो, सकाळी घरचे माझ्या दारात," सर सांगत होते. "ते रडायलेत अन् मी बेरजा करत बसू? म्हणून साल लागायच्या आधीच ओळी करून ठेवतो. म्हाताऱ्या बाप्याची एक, आईची एक, तरण्या पोराची एक. कामी आली की बाजूला खूण करायची."

"अन् चालू सालाच्या पानावरची ही सगळ्यात खालची?"

"ती माझी. 'उस्ताद उठून गेला' असा अर्थ निघतो. दर साली करतो अन् दर साली वाया जाती." सर हसले. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला हसताना खोकला येतो, तसा त्यांना आला.

ज्योत्स्ना पानाकडे पाहत होती. चौदाशे सत्तेचाळीसच्या पानावर सहा ओळी होत्या. सरांची सोडली तर उरलेल्या पाचांपैकी चार ओळींसमोर खूण होती. एक कोरी होती.

"ही कुणाची?"

सरांनी वही नाकाला लागेल इतकी जवळ धरली. "ही तान्ह्या लेकराची. 'पाहुणा उंबऱ्यावर आला, दिवा लावून बघेपर्यंत उठून गेला' अशी हाय. चांगली जमलीय. अजून लागली न्हाई."

खाली सतरंजीवर दीपमाला वहीच्या कापडाची गाठ चोखत बसली होती.

ज्योत्स्नानं त्या पानाचा फोटो काढला नाही. "उरलेलं परवा करते, सर," म्हणून ती लवकरच निघाली.

*

घरी आली तेव्हा शेजारची एक नवी भाडेकरीण दारात बसून सासूशी, शोभाबाईंशी बोलत होती. दीपमालाचे गाल ओढत तिनं विचारलं, "पहिलीच का?"

"व्हय, पहिलीच," शोभाबाई म्हणाल्या.

असं त्या दर वेळी म्हणायच्या. विहारात कुणी विचारलं तरी, दवाखान्यात नर्सनं विचारलं तरी. ज्योत्स्नाही मान हलवायची. तीन वर्षांत हे वाक्य घरात इतकं गुळगुळीत झालं होतं की त्याला पकडायला कुठे जागाच उरली नव्हती.

दीपमालाच्या आधी एक मुलगा झाला होता. दोन हजार बावीसच्या दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी गेला. पाच दिवसांचा. त्याचं नाव ठेवायचं राहिलं, कारण बारसं बाराव्या दिवशी असतं. ज्योत्स्ना खाटेवर होती. रत्नपाल आणि सासू त्याला कापडात घेऊन गेले आणि संध्याकाळी रिकाम्या हातांनी आले. कुठे नेलं, हे तिला कुणी सांगितलं नाही. ओल्या बाळंतिणीला सांगायचं नसतं म्हणे. बाळंतपण सरलं, वर्ष सरलं, तरी सांगायची वेळ काही आली नाही. रत्नपाल वीज खात्यात. रोज हुमनाबादला जायचा यायचा, आणि घरात आला की त्याच्या तोंडाला जणू फ्यूजच नसायचा.

ज्योत्स्नाला तो मुलगा दिसायचा असं नाही. पण त्याचं वय तिला ठाऊक असायचं. आज तो चालला असता, आज त्याचे दात पूर्ण आले असते, आता तो अंगणवाडीत गेला असता. कुठेतरी कुणीतरी वाढतंय आणि त्याला हाक मारायला नावच नाही, असं काहीतरी तिच्या पाठीमागे सतत चालत असायचं. भात वाढताना हात एक घास जास्त घ्यायचा आणि थांबायचा.

दोन दिवसांनी दीपमालाला ताप आला. साधाच होता. डॉक्टर म्हणाले, थंडीचं आहे, सगळ्या लेकरांना चालू आहे. पण ज्योत्स्नाच्या डोळ्यांसमोरून ते पान हलेना. पाचातल्या चार ओळींना माणसं मिळाली होती. पाचवी उघडं दार ठेवून बसली होती, साल संपायला सहा महिने होते. कापसाच्या बोळ्यानं लेकीच्या ओठांना पाणी लावताना ती मनात म्हणत राहिली, हिला नाही, हिला नाही.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. चौथ्या दिवशी दुपारी ती सरांच्या दारात उभी होती.

*

"ती ओळ खोडून टाका, सर."

सर चष्मा पुसत होते. "कुठली गे?"

"लेकराची."

"खोडून काय होतं? बांधली ती बांधली. अक्षरं तर जगात पडली." मग तिचा आवाज त्यांच्या ध्यानात आला असावा. "छोटीला काय झालं?"

"ताप होता. उतरला."

"मग?"

"मग काही न्हाई. ती ओळ कुणालातरी देऊन टाका. खूण करा तिच्यापुढं."

"अशी कशी देऊ? बाजारातली साडी हाय का? ज्याची त्यालाच लागती."

ज्योत्स्ना खाली बसली. दीपमालाला मांडीवर घेतलं. बोलायला तोंड उघडलं तेव्हा तिला कळलं, की हे वाक्य तिनं कधी उच्चारलेलंच नाही. जिभेला त्याचा आकारच ठाऊक नव्हता.

"माझाच एक हाय," ती म्हणाली. "हिच्या आधीचा. पाच दिवसांचा होऊन गेला. त्याला द्या."

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. बाहेर गल्लीत पिठाच्या गिरणीचा पट्टा फटफटत होता.

"कुठल्या साली?"

"बावीस. नोव्हेंबर."

त्यांनी बोटांवर मोजलं. "चौदाशे चव्वेचाळीस. ही ओळ सत्तेचाळीसची. तीन जास्त हुतेत." मग जरा थांबून म्हणाले, "तीनचं बघता येतं. त्याला इलाज हाय. पण एक सांग. त्याला ठेवलं कुठं?"

"मला ठाऊक न्हाई."

"तू बघितलं न्हाई?"

"सांगितलंच न्हाई कुणी."

"मग मी लिहीत न्हाई, बेटी."

ज्योत्स्नाला वाटलं आता आपण उठावं. पण सर बोलू लागले होते, तिच्याकडे न बघता. काबूलला त्यांचा एक मित्र होता. कवीच. वीस वर्षं पत्रं चालली. एकमेकांना कधी पाहिलं नाही, पण कुणाची कुठली ओळ कुठे अडली आहे हे दोघांना ठाऊक असायचं. ब्याण्णव साली तिकडे शहरातच लढाई सुरू झाली आणि पत्रं बंद झाली. सरांनी दोन वर्षं वाट पाहिली. मग मित्रासाठी तारीख लिहिली. आयुष्यात लिहिलेल्या तारखांमधली सगळ्यात देखणी. एका मासिकात छापून आली. तीन वर्षांनी पेशावरहून पाकीट आलं. आत चार ओळी: तुमची तारीख वाचली. बेरीज तपासली, अचूक आहे. मीच तेवढा वेळेवर पोचू शकलो नाही, माफ करा.

"खूप हसलो मी," सर म्हणाले. "हसता हसता आमच्या बायकोला बोलावलं. तिनं वाचलं अन् म्हणाली, जिवंत माणसाला पुरलात तुम्ही. त्यानंतर त्याचं पत्र आलं न्हाई. आता तो खरंच गेला असंल. पण त्याची ओळ खर्च झालेली. दुसरी मला बांधताच आली न्हाई. तो तसाच फिरायलाय." त्यांनी हातानं खोलीभर काहीतरी दाखवलं. "तेव्हापासून माझा नेम हाय. कुणीतरी माती बघितलेली पायजे. बघून येऊन माझ्यासमोर म्हणायला पायजे, की हितं हाय. त्याबिगर मी अक्षर मांडत न्हाई. जा, इचार."

*

शोभाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. ज्योत्स्ना समोर बसली. तिनंही एक मूठ घेतली. दहा-बारा शेंगा झाल्यावर म्हणाली, "आत्या, त्याला कुठं ठेवलंय?"

कुणाला, असं शोभाबाईंनी विचारलं नाही. हातातली शेंग मात्र तशीच राहिली.

"कामून इचारायलीस आज?"

"बघायचंय मला."

"बघून काय मिळतंय? मी म्हणते, झालं गेलं. आता लेक हाय पदरात, तिच्याकडं बघ. त्या म्हाताऱ्याच्या घरी जाऊन जाऊन तुझ्या डोक्यात काय भरायलंय कुणास ठाऊक. घरात मेलेल्यांच्याच वह्या त्याच्या."

"तुम्ही सगळ्यांना पहिलीच म्हणून सांगता."

"मग काय सांगू? दुसरी म्हणलं की लोक इचारतेत, पहिलं काय हाय, पोरगं की पोरगी, कुठं हाय. तू तिथंच उभी. तुझं तोंड बघवतंय का मला?" शोभाबाईंचा आवाज चिरला आणि त्यांनी तो लगेच सावरला. "तुला इसर पडावा म्हणून गप बसले. मला तरी कुठं पडलाय. हळ्ळीखेडला आपल्या रानात हाय. बांधाच्या वरल्या अंगाला. मीच ठेवला. रत्नपालच्या हातून सोडवंना, तो कापड धरून नुसता उभा. मग मी घेतला. तीन सालं झाली, ट्रॅक्टरवाल्याला तेवढी जागा सोडायला लावते. तो म्हणतो, मावशी, तिथं काय पुरलंय का सोनं. मी म्हणते, व्हय रे बाबा."

दोघींच्या मध्ये शेंगांची टरफलं पडलेली होती. आतून दीपमालाच्या चाळवल्याचा आवाज आला. उठलं कुणी नाही.

रात्री जेवताना शोभाबाईंनीच सांगितलं, की रविवारी सूनबाईला रानात घेऊन जाते. रत्नपालनं भाकरीचा तुकडा मोडला, तो तसाच ताटात ठेवला. मग म्हणाला, "मी बी येऊ का?"

रविवारी चौघं बसनं हळ्ळीखेडला उतरले. तूर कमरेच्या वर आली होती, काही ठिकाणी वाळून खुळखुळत होती. बांधाच्या वरच्या अंगाला, ओळींच्या मधोमध, पाटाएवढी जागा सुटलेली. नांगर दोन्ही बाजूंनी वळून गेला होता. तिथे नुसतं गवत होतं, आणि गवतात एक पांढरट दगड, तोही मुद्दाम ठेवला आहे असं कळू नये असा तिरका.

ज्योत्स्नाला वाटलं होतं की आपण रडू. रडू आलं नाही. पाठीमागे जे इतके दिवस चालत होतं ते थांबलं आणि ती एकाएकी एकटी पडली, असं काहीतरी झालं. तिनं वाकून माती हातात घेतली. रत्नपाल दोन पावलं मागे उभा होता. तो म्हणाला, "डोकं उगवतीकडं हाय." तीन वर्षांत त्यानं मुलाविषयी सांगितलेली ती पहिली गोष्ट.

शोभाबाई दीपमालाला घेऊन थोड्या पुढे गेल्या आणि तिला शेंगांचा खुळखुळ आवाज ऐकवत राहिल्या.

*

"बघितलं, सर," ज्योत्स्ना म्हणाली. "हळ्ळीखेडच्या रानात हाय. डोकं उगवतीकडं."

सरांनी मान हलवली. टेबलाशी बसले. मोठं काळं स्केचपेन घेतलं, कारण बारीक टोकाचं आता त्यांना दिसत नव्हतं.

"आता ते तीन," ते म्हणाले. "बेरीज जास्त झाली तर कमी करायची मुभा असती. पण नुसतं तीन कमी कर म्हणून चालत न्हाई. कमी कशाचे, ते ओळीतच सांगायला लागतं. त्यातच तर कसब. म्हणून इचारतो. या सालांत तू त्याचं नाव कुणाकडं काढलं का?"

"नावच न्हाई त्याला."

"त्याचं म्हणून काही. एक शब्द."

"न्हाई. तुमच्याच पुढं पहिल्यांदा."

"मग झालं," सर म्हणाले. "तीच तीन सालं."

ते एक तासभर पुटपुटत होते. बोटांची पेरं मोजत होते, एक शब्द काढून दुसरा घालत होते, पुन्हा मोजत होते. सुतारकाम म्हणणाऱ्या माणसाच्या कपाळावर डिसेंबरात घाम आला होता. दीपमाला त्यांच्या पायाशी बसून वर बघत होती. सरांनी ओळ मोठ्यानं म्हणायला सुरुवात केली की तिचं हलणं थांबायचं.

अखेर त्यांनी कागद पुढे केला. ओळी दोन झाल्या होत्या. मराठीत त्यांनी सांगितलं ते असं: पाहुणा उंबऱ्यावर आला, दिवा लावून बघेपर्यंत उठून गेला. साल हवं असेल तर यातून आईची तीन मुकी वर्षं वजा कर.

ज्योत्स्नानं कागद धरला. अक्षरं तिला वाचता येत नव्हती. ती मोठी, थरथरती, एकमेकांना धरून चाललेली होती. तिनं सरांमागून शब्द म्हटले. एकदा, दोनदा, पाच वेळा, पाठ होईपर्यंत. सहाव्यांदा म्हणताना आवाज फुटला आणि मग जे रानात आलं नव्हतं ते आलं. सर उठले नाहीत, समजूत घातली नाही. खिडकीकडे तोंड करून बसून राहिले. दीपमालानं आईचा पदर ओढला आणि आईकडे बघून तिनंही ओठ काढले.

सगळं शांत झाल्यावर सरांनी हिरवी वही ओढली, चौदाशे सत्तेचाळीसच्या पानावर त्या ओळीपुढे खूण केली आणि पान उलटलं. पुढचं पान अठ्ठेचाळीसचं. वर नुसतं साल होतं, खाली कोरं.

"पुढच्याच्या ओळी आता बांधायला घेतो," ते म्हणाले. "डोळे हायत तोवर. म्हाताऱ्याची, आईची, पोराची, माझी. लेकराची बी एक करून ठेवू?"

"नका करू."

"लेकरं तर जातेतच गे बेटी. दर साली कुणी ना कुणी येतंय दारात."

"मग येऊ द्या," ज्योत्स्ना म्हणाली. "त्यांच्या आईला येऊन बसू द्या. ती सांगंल, मग बांधा. उशीर लागला तरी चालंल. ती थांबंल."

सर तिच्या आवाजाच्या दिशेला बघत राहिले. मग पेन उचलून त्यांनी कोऱ्या पानावर म्हाताऱ्याची ओळ मांडली, खाली आईची, तिच्या खाली तरण्या पोराची. त्याच्याखाली चार बोटं जागा सोडली आणि सगळ्यात तळाला स्वतःची ओळ लिहायला घेतली.